दिवेलागणीला सोडलेली जनावरं

दोन हजार चौदा साल. मी सहासष्ट वर्षांचा. आमच्यात जन्मतारखा कुणी लिहून ठेवत नसे, पण मी निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या सालचा, म्हणजे अठ्ठेचाळीसचा, त्यामुळं हिशेब सोपा. त्या साली मी लातुरात दोन खोल्यांत राहत होतो आणि माझ्या दावणीला सहा जनावरं होती. एकाच्या तोंडातून जाळ निघायचा, एकाच्या पाठीवर पानं फुटलेली होती, एक तर नुसता धोंडाच होता. सगळी मिळून तळहातावर मावायची.

हसा खुशाल. मलाही आधी हसूच आलं होतं.

परवा घराला रंग द्यायला एक पोरगा आला. खुंटीवरचं दावं काढून म्हणाला, "बाबा, हे उकिरड्यावर टाकू ना?" मी त्याच्या हातातून हिसकून घेतलं. अंबाडीचं दावं, मी स्वतः वळलेलं. आजही नाकाशी धरलं की आधी धूळ लागते, मग मागून हळूच शेणाचा, ओल्या कडब्याचा, जनावराच्या मानेवरच्या घामाचा वास येतो. त्या वासाच्या मागं मागं गेलं की माणूस दोन ठिकाणी पोचतो. एक आमचं गाव, निलंग्याच्या अलीकडलं, जे जिथं होतं तिथं आता नाही. आणि दुसरी लातुरातली ती क्लासची गल्ली.

त्या गल्लीला स्वतःचा वास होता. सकाळी पोह्यांच्या फोडणीचा, मग झेरॉक्समधून निघालेल्या गरम कागदांचा. दुपारी वारा फिरला की डाळमिलकडून तुरीच्या सालपटाचा भुगा यायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा. संध्याकाळी मेसच्या डब्यांचा खडखडाट. जत्रेत असतात तेवढी पोरं, पण जत्रेतला पाळणा नाही, पिपाणी नाही. प्रत्येकाच्या पाठीला दप्तर आणि ओठावर पुटपुट. मी डाळमिलमध्ये पोती उचलून म्हातारा झालेला माणूस, माझ्या डोळ्यांदेखत ही गल्ली उगवली. आधी एक क्लास, मग चार, मग प्रत्येक घराच्या डोक्यावर एक मजला आणि मजल्यावर पोरींचं होस्टेल.

माझी नात अक्षता अकरावीला धर्माबादहून इथं आली. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तिथं शाळेत मास्तर. अक्की म्हणायचो मी तिला. आमच्या घरात कानडीचा वारा आहे, त्यामुळं मी तिचा अज्जा. आली तेव्हा तिच्या सगळ्या कपड्यांना धर्माबादच्या मिरचीचा ठसका होता. ट्रंक उघडली की मी शिंकायचो आणि ती हसायची. पुढं हसायची बंद झाली. पहिले दोन महिने ती मोरीत नळ सोडून रडायची. नळाच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही असं ह्या गल्लीतल्या सगळ्या पोरींना वाटतं. डबा तसाच परत यायचा. पोरगी वाळत चालली होती आणि माझ्यासारख्या तिसरी पास माणसाला तिचं दुखणं विचारताही येईना.

मग नांदेडची सबा आली. समोरच्या होस्टेलवर राहणारी, एकाच क्लासची, तोंडानं तिखट. फोनात ह्या लढणाऱ्या जनावरांचा खेळ दोघी खेळायच्या, त्यावरून ओळख झाली. रविवारी परीक्षा झाली की सबा आमच्याकडं यायची, माझ्या हातची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि अक्कीला हरवून जायची. हरलेली अक्की दोन भाकरी जास्त खायची. मी मनात म्हणालो, हा खेळ राहू द्या घरात.

"दाखव तरी," एकदा मी म्हणालो.

"अज्जा, तुमाला नाही कळायचं त्यातलं."

हे वाक्य मला आयुष्यात कुणी म्हणायचं नाही. म्हटलं की मी पेटतो. फोन घेऊन बसलो. तिनं पहिल्याच दिवशी घाईघाईत बटणं पाठ करून दिली, क्लासला उशीर झाला होता तिला. "वरचं, जनावर बघायचं. त्याच्या खालचं, खायला द्यायचं. तिसरं, जागा बदलायची. शेवटचं, सोडायचं." इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात म्हणून मीच नवी ठेवली. जाळवाला अंगाऱ्या. पाण्यातला डोह्या. वाऱ्यासारखी पळायची ती भिंगरी. समोरच्याला झोप आणणारा पेंगळ्या. मार खाऊन जागचा न हलणारा धोंड्या. आणि पाठीवर पानंवाला पालव्या, अंगानं लहान, दुसऱ्याच्या जखमा भरणारा. पालव्या हे तिचं पहिलं जनावर, धर्माबादला असतानाचं. लढाईत कामाचं नव्हतं फारसं, पण तिनं कधी काढलं नाही.

पण ती हरत का होती, हे बघून मी माझं शहाणपण पाजळलं. म्हणालो, "जोड जमली नाही तुझी. जोड कशी असते? शिंगाला शिंग, रंगाला रंग, उंचीला उंची. हा अंगाऱ्या लई जोरात हाय ना? मग त्याच्यासारखे अजून दोन आण." मी हटून बसलो. पोरगी भिडेखातर ऐकली. डोह्याला, पेंगळ्याला बाहेर बसवून तिनं तीन जाळवाले उभे केले. रविवारी सबानं पाण्यातलं एकच जनावर पुढं केलं आणि तिन्ही फुसकन खाली.

"अज्जा, तुमची तर सगळी चूल विझली!" सबा पोट धरून हसली.

"पुन्हा लाव," मी म्हणालो.

"पुन्हा लावली तरी पाणी तेच राहणार की हो," अक्की हळूच म्हणाली. "एकसारखे घेतले की सगळ्यांचं मरण एकच असतं अज्जा. वेगवेगळे पाहिजेत. एकाला जे मारतं ते दुसऱ्यानं झेललं पाहिजे."

मी फुगून बसलो.  पण तिचं ते वाक्य भाकरी थापताना, दाढी करताना मागं लागलं. आणि एका दुपारी, तुरीचा वास घेऊन वारा आला तेव्हा, सहा बैली नांगर डोळ्यांपुढून गेला.

काळ्या रानात हरळी माजली की दोन बैलांचं काम राहत नाही. तिची मुळं पार पाताळात. त्याला लाकडी मोठा नांगर आणि सहा बैल. सहा बैल एका घरी कुठले? तीन घरच्या तीन जोड्या एकत्र यायच्या. पुढं कंधारकडली लाल जोडी, उन्हाला न भिणारी, नांगराची रेघ, म्हणजे तास, सरळ धरणारी. मधे कुणाची तरी कोवळी खोंडं, पुढच्यांकडं बघून शिकणारी. आणि नांगराजवळ माझे देवणी, जड, थंड, सगळा भार शेवटी ज्यांच्या खांद्यावर येतो ते. बांधाशी वळताना पुढची जोडी वळलेली असायची आणि मागची अजून ओढत असायची. सहा जनावरं, सहा स्वभाव, पण फाळ मातीत एका दमात चालायचा. उलटलेल्या मातीचा थंड वास, वर बगळे, घुंगरांचा एकच ताल. माझ्या हातातून हजारदा गेलेली गोष्ट. एकसारखी जोड ही बाजारात मिरवायची हौस होती, नांगराची नव्हे. हे मी विसरलो होतो आणि अकरावीतल्या पोरीनं न बघता सांगितलं.

तसं मी तिला कधी बोललो नाही. म्हणालो एवढंच, "धोंड्याला मागं ठेव. तो नांगराजवळचा."

तिनं ठेवला. डोह्या-पेंगळ्याला परत आणलं, पालव्यालाही जागा दिली, धोंड्याच्या पाठीशी, त्याच्या जखमा भरायला. पुढच्या रविवारी आम्ही जिंकलो. मी गल्लीभर सांगत सुटलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी फोन पाटावर ठेवला, बोटाला तूप-हळद घेतली आणि खांदे मळायला वाकून म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"अज्जा! काचेला तूप नका लावू!" अक्की ओरडली. सबा हसून हसून आडवी झाली. त्या दिवसांतला तो हसण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. पावसाळी संध्याकाळ, चुलीवर पुरणाची तयारी, आणि दोन पोरी एका फोनावर डोकी टेकवून.

गणपती उठले की मात्र माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. किल्लारीचा भूकंप झाला त्याला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. माणसांचं मी बोलत नाही. माणसांचं बोलायला अजून तोंड उघडत नाही. बैलांचं बोलतो. विसर्जनाची गाडी माझ्या देवणी जोडीनं ओढली होती. एरवी त्या दिवसांत मी त्यांना खळ्यावर मोकळ्यात बांधायचो. पण शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, गावानं कौतुक केलेलं. घरी दगडमातीच्या माळवदाखाली बांधले. त्यातल्या हरण्याला दावं उपसून जायची खोड होती. म्हणून त्याला दुहेरी गाठ मारली, हातानं ओढून बघितली, आणि मी एकटाच खळ्यावर उडदाच्या राशीला राखण झोपायला गेलो. पहाटे भुई हलली, माळवदं खाली बसली. मी राहिलो. हरण्याची गाठ मी मारली होती, ती चांगली बसली होती.

सरकारनं दिलेल्या नव्या घरात मी राहिलो नाही, लातुरात डाळमिलवर आलो. जनावर पुन्हा पाळलं नाही. नुसतं ते ढिगाऱ्यातून काढलेलं दावं, गाठीसकट, खुंटीवर.

आमच्यात 'सोडणं' ह्या शब्दाइतका गोड शब्द नाही. दिवस कलला की कुणीतरी रानातून हाळी द्यायचा, "सोडा रेऽ" आणि शेजारच्या रानातून तीच हाळी पुढं जायची. जू खाली आलं की बैल अंग झाडायचा, खांद्यावरची कातडी थरथरायची, मोठा श्वास टाकायचा. मग माणूसही तसाच श्वास टाकायचा. दिवेलागणीला जुवाखाली जनावर उभं ठेवणारा आमच्यात पापी. रात्रभर चरायचं, पहाटे हाक मारली की यायचं.

आता सांगतो ते दसऱ्यानंतरच्या शनिवारचं. दोघी पोरींनी ठरवलं होतं, उद्या रविवारी शेवटची लढत, मग दोघींचे फोन माझ्या ट्रंकेत, वार्षिक परीक्षा होईपर्यंत. दुपारी सबा येऊन गेली. अक्कीचा फोन हातात घेऊन सहाही जनावरं बघितली आणि चिडवून म्हणाली, "देख, तुझी सगळी पळवून लावते मी. उद्या रिकाम्या हातानं ये." दोघी हसत क्लासला गेल्या. क्लासमध्ये फोन चालत नाही, म्हणून तो माझ्यापाशी राहिला.

संध्याकाळ झाली. मी देवापुढं दिवा लावला आणि फोन उघडला. सहाही ओळीनं उभी. अक्कीनं आठवडाभर त्यांना लढवून लढवून तयार केलेलं. उद्या मोठं काम. आणि दिवेलागण झाली तरी उभीच. माझा हात आपोआप गेला. शेवटचं बटण. सोडायचं.

आधी पुढची जोडी सोडतात. भिंगरीला सोडलं. खेळानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. विचारत असेल, नक्की का? अरे, नक्की. वरचं दाबलं. भिंगरी लहान लहान होत गेली, एक ठिपका झाली आणि गेली. मग अंगाऱ्या. डोह्या. पेंगळ्या. पालव्या जाताना जरा थांबल्यासारखा वाटला मला, मी म्हणालो, "जा रे, चर पोटभर." खोटं कशाला सांगू, मला लई सुख झालं. कित्येक वर्षांनी माझ्या हातानं जनावर सुटत होतं. धोंड्या मात्र सुटेना. बटण दाबलं की फोन घुर्र करायचा. शेवटचं एक जनावर तो खेळ सोडू देत नाही, हे मागाहून कळलं. मी म्हणालो, राहू दे, हा नांगराजवळचा, ह्याला घर सोडवत नसेल.

अक्की आली, हातपाय धुतले, फोन घेतला. मी भाकरी थापत होतो.  मग म्हणाली, "अज्जा. माझे कुठायत?"

"चरायला गेले असतील," मी हसून म्हणणार होतो. पण तिच्या तोंडाकडं बघितलं. असं तोंड मी आधी एकदाच बघितलं होतं, दगडांच्या ढिगापुढं बसलेल्या माणसांचं. तिनं भराभरा बोटं फिरवली. "कुणीतरी सोडून दिलेत. आता परत येत नाहीत ते. पालव्यापण. अज्जा, पालव्यापण."

परत येत नाहीत. हाक मारली तरी.

"तुम्ही हात लावला का?"

आणि मी, ज्याला कुणी 'तुला कळत नाही' म्हटलेलं खपत नाही तो मी, तव्याकडं बघत म्हणालो, "मला अडाण्याला काय कळतंय त्यातलं?" आयुष्यात पहिल्यांदा मी अडाणीपणाच्या आडोशाला जाऊन बसलो. बसायला जागा बरी होती. कुणी तिथं शोधत नाही.

"मग सबानं केलं," ती म्हणाली. "दुपारी म्हणालीच होती, पळवून लावते." तिनं लगेच फोन लावला. पलीकडून सबाचा आवाज आधी हसरा होता. "काय ग, मस्करी नको करू." मग चिडका. मग नुसतंच, "मैं नहीं की अक्की. अल्ला कसम, मैं नहीं की." अक्की म्हणाली, "पुन्हा माझ्या घरी येऊ नको." फोन ठेवला. भाकर तव्यावर करपली. तो वास आणि मोरीतल्या नळाचा आवाज. नळ पुन्हा सुरू झाला होता, किती महिन्यांनी.

मी उठून सांगायला हवं होतं. मी ताट झाकून ठेवलं.

आज तो फोन ट्रंकेत आहे, बॅटरीचं पोट फुगून मेलेला. अक्की मोठी झाली, आपल्या वाटेनं गेली. येते तेव्हा आधी खुंटीकडं बघते. रंगाच्या पोराला मी म्हणालो, भिंत रंगव, खुंटी रंगव, दाव्याला हात लावू नको. तो म्हणाला, "काय सोनं बांधलंय का बाबा याला?"  पण ते दावं त्या शनिवारनंतर एकदा खुंटीवरून उतरलं होतं.

आमच्या गावात एक रीत होती. ऐन नांगरटीत कुणाचं जनावर गेलं तर त्या माणसानं रिकामं दावं खांद्यावर टाकायचं आणि दारोदार जाऊन उभं राहायचं. बोलायचं काही नाही. मागणं नाही, रडणं नाही. दावं बघितलं की समोरचा समजायचा आणि आपलं एक जनावर सोडून त्याच्या हाती द्यायचा. माझ्यासारख्या ताठ मानेच्या माणसांसाठीच ती रीत कुणीतरी घातली असावी. दावं मात्र गाठ सोडलेलं लागायचं. गाठ असलेलं दावं घेऊन गेलं तर लोक म्हणायचे, ह्याचं जनावर अजून बांधलेलंच आहे.

त्या रविवारी सकाळी अक्की उठायच्या आधी मी ते दावं खुंटीवरून काढलं. हरण्याची गाठ. एकवीस वर्षं मी तिला बोट लावलं नव्हतं. दगड झालेली. पाणी लावलं, नखं लावली, शेवटी उरलेल्या दातांनी धरली. तोंडात धूळ आली आणि खारट चव. सुटली. मग धोतर नीट केलं, टोपी घातली, दावं खांद्यावर टाकलं आणि समोरच्या होस्टेलच्या दारात जाऊन उभा राहिलो. परीक्षेला निघालेल्या पोरी माझ्याकडं बघून वळसा घालून जायच्या. एकीनं वर हाक मारली. सबा खाली आली, ओले केस, सुजलेले डोळे. मला बघून थांबली. मी गप्प उभा.  ती दाव्याकडं बघत होती. मी वाट बघत होतो, आता समजेल.

"अज्जा," ती म्हणाली, "ये रस्सी कायकू लाए?"

नांदेड शहरातली पोर. तिला कुठून माहीत असणार. त्या अख्ख्या गल्लीत ते दावं वाचता येणारं कुणी नव्हतं.

मी टोपी काढली. दावं खांद्यावरून उतरवून दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्या पोरींच्या देखत म्हणालो, "मी सोडले, सबा. तू नाही, मी. मला वाटलं सकाळी येतात परत. वर चल, अक्कीला मी सांगतो, तू नुसती शेजारी उभी राहा. आणि तुझ्याकडं असेल तर एक लहानसं जनावर दे. पानंवालं."